निर्भीड नावाचा माणूस

संजीवनीला लिहायची सवय लागली ती पाय मोडल्यामुळे. गोठ्यातल्या शेवाळावरून घसरून तिचा पाय घोट्यापाशी मोडला, मेहकरच्या डॉक्टरने प्लास्टर घातलं आणि खाटेवरून उतरायचं नाही असं बजावलं. साखरखेर्ड्याला माहेरी असताना बी.ए. केलेली बाई ही. जानेफळला नांदायला आल्यापासून पेन हातात धरायचं कारण पडलं नव्हतं. पडल्या पडल्या मोबाइल चाळताना तिला ‘ओटा’ नावाची मराठी साइट सापडली. कुणीही तिथे आपली डायरी उघडावी, वाटेल ते लिहावं, खाली लोकांनी प्रतिसाद द्यावेत, असा तिथला रिवाज. संजीवनीने ‘आजचा दिवस’ नावाची डायरी उघडली आणि पहिल्याच दिवशी लिहिलं की आमच्या आत्याबाई छपरावरच्या माकडांशी भांडून राह्यल्या आणि माकडं गुमान ऐकून घेऊन राह्यली.

आत्याबाई म्हणजे तिची सासू, गोजरबाई.

लोकांना ते आवडलं. ती बोलते तसंच लिहायची, मले-तुले करून, काही पुसून स्वच्छ न करता. पुण्या-मुंबईकडची माणसं लिहायची, तुमचं वाचून गावी जाऊन आल्यासारखं वाटलं. त्यातलं काही तिला गोड वाटायचं, काही खटकायचं, पण पाय बरा झाला तरी डायरी सुटली नाही. दुपारची भांडी आवरली की ती ओसरीत भिंतीला टेकून बसायची आणि लिहायची. कुणाच्या शेतातलं गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण, सोयाबीनवर पडलेला पिवळा रोग, हात दाखवूनही न थांबलेली एस.टी. एवढ्यावर तिची डायरी चालायची.

नवरा शेखर हे सगळं कौतुकाने बघायचा. जानेफळच्या मेन रोडवर त्याचं कृषी केंद्र होतं, बियाणं, खतं, फवारणीची औषधं. माणूस शांत. सुपारीचं खांड न खाणारा, कुणाला अरे-तुरे न करणारा. गावातल्या बायाबापड्या एकट्या त्याच्या दुकानात जाऊन औषध विचारायला बिचकत नसत. शेजारच्या दोन दुकानांत मात्र त्या नवऱ्याला नाहीतर दिराला पाठवायच्या.

पुढे ओटा चालवणाऱ्या हर्षलचा पुण्याहून फोन आला. साइट वाढली आहे, म्हणाला, तशी घाणही वाढली आहे. चार जणांचं पंचमंडळ नेमतो आहे, तक्रारी बघायच्या, साइट कशी सुधारता येईल ते सुचवायचं. ताई, तुमच्यासारखं साधं, सरळ माणूस हवंय.

संजीवनीला बरं वाटलं. तिने रात्री जेवताना शेखरला सांगितलं, तोही खूश झाला. म्हणाला, “पंच झाली तू. आता जपून बोला लागन तुह्याशी.”

पंच होऊन काय वाचावं लागतं, ते तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. आजवर ती ओट्याच्या पुढच्या दाराने यायची; आता तिला मागचं अंगण दिसायला लागलं. एका मुलीने मावशीच्या हातचं लोणचं खाल्ल्याची गोष्ट लिहिली होती, तिच्या खाली एका आजोबाच्या वयाच्या माणसाने तिच्या ओठांवर चार ओळी खरडल्या होत्या. एका बाईने पोटातलं मूल गेल्याचं लिहिलं, तिला कुणी विचारलं होतं, नक्की कुणाचं? एकमेकांच्या जाती काढणारे, मेलेल्या माणसाच्या डायरीवर जाऊन हसणारे. हे सगळं वाचून कणीक मळायला बसली की तिला हात पुन्हा धुवावेसे वाटायचे. लिहिणारे कुणी गुंड-मवाली नव्हते. बँकेतले, शाळेतले, निवृत्त झालेले, नातवंडांचे फोटो लावणारे होते.

तिने एक नियम सुचवला. आजवर घाण लिहिणाऱ्याला हर्षल गुपचूप काढायचा आणि तो माणूस दुसऱ्या नावाने परत यायचा. संजीवनी म्हणाली, गुपचूप नको. ज्याला काढलं त्याचं टोपणनाव आणि कळलं तर खरं नाव, कारणासकट, साइटच्या फलकावर लावा. हर्षल कुरकुरला, पण करून बघू म्हणाला. पहिल्या फेरीत नागपूरचा एक माणूस सापडला. त्याने तिला फोन करून रडारड केली, ताई, मला दोन मुली आहेत, तेवढं नाव उतरवा. संजीवनीने नाव उतरवलं नाही. ज्यांना लिहिलं त्याही कुणाच्या तरी मुलीच आहेत, असं सांगून तिने फोन ठेवला. ओट्यावर चार दिवस शांतता होती.

एक आयडी मात्र काही केल्या सापळ्यात येत नव्हता. त्याचं नाव ‘निर्भीड’. त्याच्या लिहिण्यात शिवी नसायची, घाण शब्द नसायचा. तो नुसतं विचारायचा.

मोताळ्याची अनुपमा नावाची मुलगी ओट्यावर ‘माझी खोली’ नावाची डायरी लिहायची. घटस्फोट झालेली, तिशीच्या आतली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. माहेरी भावजयीशी पटलं नाही म्हणून भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. गॅसचं कनेक्शन स्वतःच्या नावावर मिळालं त्या दिवशी तिने इतकं सुंदर लिहिलं होतं की संजीवनीने ते गोजरबाईला वाचून दाखवलं होतं. निर्भीड तिच्या मागेच लागला. खोली एकटीची म्हणता, पण फोटोत कप दोन दिसतात, सहज विचारलं. मालक भाडं मागायला रात्रीच येतात का हो, आमच्याकडे सकाळी येतात. असं. बाकीचे तीन पंच म्हणायचे, यात वाईट शब्द कुठला दाखवा. हर्षल म्हणायचा, ताई, प्रश्न विचारणाऱ्याला कसं काढणार?

संजीवनीने अनुपमाला फोन केला, मग फोन नेहमीचा झाला. दोघी एकाच जिल्ह्याच्या, एकसारखं बोलणाऱ्या. अनुपमा तिला ताई म्हणायची आणि जे डायरीत लिहीत नसे ते सांगायची. आणि रोज जेवताना संजीवनी शेखरला सांगायची, कारण ती त्याला सगळंच सांगायची.

“आज पुन्हा त्या मेल्यानं लिहिलं तिले.”

“कायले मनावर घेतं तू,” शेखर वरण वाढून घेत म्हणायचा. “असे लोक असतेतच.”

“त्याच्या घरी बायको नसन का?”

“असन. तिले काय माहीत.”

एकदा अनुपमाची शेवटची बस चुकली. लॅबचे डॉक्टर, साठीचे गृहस्थ, त्यांनी तिला गाडीने खोलीपर्यंत सोडलं. गल्लीतल्या बायकांनी दारं उघडून बघितलं. अनुपमा संजीवनीपाशी फोनवर रडली आणि म्हणाली, “हे मी लिहिनार नाई ताई. हे लिहिलं तं मले गाव सोडा लागन.” तिसऱ्या दिवशी निर्भीडने तिच्या एका जुन्याच नोंदीखाली विचारलं, परवा पांढऱ्या गाडीतून आलात म्हणे. डॉक्टर तपासायला वरपर्यंत आले होते का?

अनुपमाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता.

“ताई, हे मी फक्त तुमाले सांगतलं होतं.”

“मी कोनापाशी बोलली नाई, अनुपमा. देवाशप्पथ.”

संजीवनी खोटं बोलत नव्हती. नवऱ्याला सांगणं म्हणजे कुणाला तरी सांगणं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिला वाटलं, गल्लीतलाच कुणी असेल, मोताळ्याचाच असेल हा निर्भीड. अनुपमाने ‘माझी खोली’ बंद केली. ओट्यावर त्या जागी नुसतं लिहून आलं, ही डायरी उपलब्ध नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, एका दुपारी, दुकानातला माणूस रजेवर होता म्हणून संजीवनी शेखरसोबत दुकानात बसली होती. खताची गाडी यायची होती. शेखर गल्ल्यापाशी मोबाइल बघत होता. मागच्या गोदामातून हमालाने हाक मारली तसा मोबाइल तिच्या पुढ्यात ठेवून तो उठला.

“गाडीवाल्याचा फोन येईन. उचलजो.”

फोन आला. गाडी फाट्यावर आहे, असं गाडीवाल्याने सांगितलं. संजीवनीने बरं म्हणून फोन ठेवला आणि पडद्यावर जे आधीपासून उघडं होतं ते पुन्हा समोर आलं. ओटाच होता. वाशिमकडच्या एका विधवा शिक्षिकेची डायरी होती, खाली प्रतिसादाची चौकट होती आणि चौकटीत अर्धं वाक्य होतं. ‘साहेब गेल्यापासून कुंकू लावत नाही म्हणता, मग पांढरा रंग तरी’ एवढंच. वरच्या कोपऱ्यात, जिथे लिहिणाऱ्याचं नाव दिसतं, तिथे निर्भीड असं होतं.

तिला आधी वाटलं, शेखरने त्याचं पान उघडून पाहिलं असेल, आपण रोज सांगतो म्हणून. मग तिने नावावर बोट ठेवलं आणि त्याचे सगळे जुने प्रतिसाद एकाखाली एक उघडले. दोन कप. घरमालक. पांढरी गाडी. काही वाक्यं तर तिचीच होती, तिने जेवताना म्हटलेली, थोडी वळवून घेतलेली. तिने वाढलेली भाकरी खात हा माणूस ऐकत होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी या खुर्चीवर बसून ते लिहीत होता. मोबाइलच्या काचेवर त्याच्या अंगठ्याचा तेलकट डाग होता. दुकानात औषधांचा उग्र वास नेहमीच असायचा, इतक्या वर्षांत तो तिला जाणवेनासा झाला होता. आता तो घशापर्यंत आला. तिने पदर नाकाला लावला.

शेखर हात झाडत आला. “आला का फोन?”

“आला. गाडी फाट्यावर हाये.” मग ती म्हणाली, “निर्भीड तुमीच का?”

त्याने तिच्याकडे बघितलं नाही, मोबाइलकडे बघितलं. “दे इकडं.”

“मी विचारलं काई.”

“हळू बोल. रस्त्यावर लोक हायेत.” तो खुर्चीत बसला. थोडा वेळ बिलबुकाची पानं सारखी करत राहिला. “टाइमपास होता अवं. दुपारी गिऱ्हाईक नसते. तुले लोक वा वा करून राह्यले होते, कोन कोन करते ते पाहाले गेलो मी. मंग एकदोनदा लिहिलं. लोकायनं मजा घेतली. त्यात काय येवढं?”

“ते पोरगी रडून रडून अर्धी झाली.”

“मी काई शिवी देली का? एक वाईट शब्द दाखव मले.” आणि मग, जणू काही आपल्या बाजूचा मोठाच पुरावा देतो आहे अशा सुरात तो म्हणाला, “तुह्या डायरीवर कधी काई लिहिलं का मी? पाह्य जाऊन. एक अक्षर नाई.”

तो घाबरला असता, रडला असता, उलटा ओरडला असता तर तिला काही सुचलं असतं. पण त्याला खरंच वाटत होतं की बायकोला सोडून बाकीच्यांना लिहिलं, हा आपला चांगुलपणा.

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर एक बाई आली, गावातलीच, हातात मिरचीचं रोप, पानं गोळा झालेली. शेखर उठला. “या वयनी,” तो म्हणाला. “पाहू द्या. कोकडा पडला हा. घाबरू नका, देतो औषध.” तोच मऊ आवाज, तीच नजर खाली ठेवून बोलायची रीत. त्या बाईने विश्वासाने रोप त्याच्या हातात दिलं. संजीवनी उठली आणि कुणाला न सांगता घरी चालत आली.

घरी गोजरबाई मेथी निवडत बसली होती. सुनेचा चेहरा बघून तिने जुडी बाजूला ठेवली. संजीवनीने सगळं सांगितलं. गोजरबाईला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, “वाच. काय लिहिलं त्यानं ते वाच.”

संजीवनीने आपल्या मोबाइलवर शोधून चार-पाच प्रतिसाद वाचले. आवाज न चढवता, जसं लिहिलं होतं तसं. गोजरबाई ऐकत राहिली. मग तिने पुन्हा मेथी हातात घेतली.

“मानसं असंच बोलते, बाई. पारावर बसून जलमभर असंच बोलले. तुहा सासराबी त्याच्यात असे. मी पानी घेऊन जाऊ तं मांगून आयकू ये. तवा लिहून ठेवत नोयते, येवढंच.”

“मंग तुमी काय केलं आत्याबाई?”

“काय करनार? पदर पुढं घेतला, घागर डोक्यावर होती, घरी आली.” बराच वेळ ती देठं खुडत राहिली. “छकुलीच्या कानावर जाऊ देऊ नको. लेकरू चिखलीले शिकून राह्यलं. उद्या तिचं लगन कराचं हाये.”

छकुली संजीवनीची मुलगी, बारावीला, चिखलीच्या होस्टेलवर. गोजरबाईचं बोलणं खोटं नव्हतं, आणि तेच संजीवनीला सोसेना. भगवानराव, तिचे सासरे, गावात देवमाणूस म्हणून गेलेले. त्यांच्या फोटोला ती रोज हार घालायची.

संध्याकाळ व्हायच्या आत तिने हर्षलला फोन लावला. तो फार समजूतदारपणे बोलायला लागला.

“ताई, मी आत्ताच आयडी बंद करतो. कुणाला कळणार नाही. तुमच्या घरातली गोष्ट आहे.”

“नागपूरच्या मानसाचीबी घरातलीच होती.”

“तो वेगळा हो.”

“काऊन वेगळा?”

“ताई, खरं सांगू का,” तो म्हणाला, “निर्भीडमुळे लोक यायचे. आज काय विचारतोय ते बघायला यायचे. वाईटच होतं ते, पण दुपारची सगळ्यात जास्त गर्दी त्याच्याच प्रतिसादांवर असायची. मी काही म्हणत नव्हतो ते त्यामुळे. आता बंद करू, विषय संपवू. तुमचं नाव कशाला खराब करता?”

म्हणजे त्यालाही कळत होतं. पहिल्यापासून कळत होतं. शब्द कुठला वाईट आहे ते दाखवा, म्हणणारे सगळे वाचत होते आणि मजा घेत होते. तिने फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

मग तिने अनुपमाला फोन केला. अनुपमा लॅबमध्येच होती, मागे कसलं तरी मशीन फिरत होतं. संजीवनीने आडवळण न घेता सांगितलं, निर्भीड म्हणजे माझा नवरा. गाडीची गोष्ट त्याला माझ्याकडूनच कळली. मागचं मशीन थांबलं.

“तुमी शप्पथ घेतली होती,” अनुपमा म्हणाली.

“नवऱ्याले सांगनं म्हंजे कोनाले सांगनं, असं मले वाटलंच नाई बाई.”

“मले काऊन सांगतलं तुमी आता? मी आता कुठं झोपाले लागली होती.” आणि फोन बंद झाला.

संजीवनीने फलकावर सूचना लिहिली. पंचांना तो अधिकार होता. निर्भीड हा आयडी काढला आहे, तिने लिहिलं. खरं नाव शेखर भगवानराव, राहणार जानेफळ. एकट्या राहणाऱ्या बायकांच्या डायऱ्यांवर तो घाणेरडे प्रश्न विचारत असे. त्यातली काही माहिती त्याला माझ्याकडून मिळाली. मी त्याची बायको. संजीवनी.

जानेफळमध्ये ओटा वाचणारं त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. तरी त्या सूचनेचा फोटो कुणीतरी काढला आणि दोन दिवसांत तो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. दुकानावर माणसं मुद्दाम येऊन बसायला लागली. काय निर्भीड, चहा पाजतो का, असं म्हणून हसायची. हसण्यात राग नव्हता, थोडी शाबासकीच होती. दोन-तीन बायका दुकानात यायच्या बंद झाल्या, एवढाच फरक. पण बोल लागला तो संजीवनीला. नवऱ्याची अब्रू अशी चव्हाट्यावर टांगत असते का कुणी, असं तिच्या चुलत सासूने दारात येऊन विचारलं. माहेराहून भाऊ आला, तिच्यापाशी बसला आणि परत जाताना शेखरच्या पाठीवर थाप मारून गेला.

शेखर आठवडाभर बोलला नाही. ती छकुलीच्या खोलीत झोपायला गेली. त्याची भाकरी ती थापायची, ताट झाकून ठेवायची, पण त्याच्यासमोर जेवायला बसायची नाही. त्याचा टॉवेल वेगळ्या बादलीत टाकायची. एकदा त्याने विचारलं, “किती दिवस चालनार हे?”

“मले काय माहीत. तुमचे हात पाह्यले का ढवळते.”

त्याने हाताकडे पाहिलं. खरंच, काय लागलंय ते बघावं तसं.

मग त्याने ओट्यावर माफीनामा लिहिला. हर्षलनेच त्याला फोन करून सुचवलं होतं, हे तिला नंतर समजलं. स्वतःच्या नावाने नवा आयडी, दुकानात हात जोडून काढलेला फोटो. मी चुकलो, मी एक साधा गावचा माणूस, आभासी जगाच्या मोहात वाहवलो. अनुपमाचं नावसुद्धा त्यात नव्हतं. ‘काही भगिनींची मने दुखावली’ एवढं होतं.

लोक तुटून पडले. चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, अशी माणसं आज दुर्मिळ. आवडलं म्हणून द्यायच्या लाल बदामांचा पाऊस पडला. बायकांनीही लिहिलं, वहिनी, आता मोठं मन करा, सोन्यासारखा माणूस आहे. ज्या लोकांनी दुपारी येऊन निर्भीडचे प्रश्न वाचले होते, त्यांतलेच कितीतरी आता डोळे पुसत होते. हर्षलने तो माफीनामा साइटच्या माथ्यावर चिकटवून ठेवला. त्याच आठवड्यात नवे नियम आले. वातावरण सकारात्मक राहावं म्हणून पुढे कुणाचंही खरं नाव फलकावर लागणार नव्हतं, पंचांचा तो अधिकार काढून घेतला होता, आणि तक्रारीचं बटण आधी प्रत्येक प्रतिसादाखाली होतं ते आता कुठेतरी आतल्या पानावर गेलं होतं.

संजीवनीने हर्षलला विचारलं, “साइट सुधरवाची होती ना आपल्याले?”

“सुधारतीये की ताई. माणूस सुधारला, यापेक्षा मोठी सुधारणा कुठली?” तो खरोखर आनंदात होता. “आणि शेखरराव छान लिहितात हो. मी त्यांना म्हटलंय, डायरी सुरू करा.”

शेखरने डायरी सुरू केली. नाव ठेवलं ‘परतीची वाट’. एका संध्याकाळी ती चुलीपुढे असताना तो मोबाइल घेऊन आला, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा उजळलेल्या चेहऱ्याने.

“पाह्य ना. तीनशे लोकायनं वाचलं एका दिवसात.”

तिने मोबाइल हातात घेतला नाही. लांबूनच वाचलं. माझ्या आयुष्यात संजीवनी नावाची देवता आहे, तिने मला आरसा दाखवला, असं होतं.

“माहं नाव काढा त्याच्यातून.”

“काऊन? चांगलंच तं लिहिलं हाये.”

“काढा.”

त्याने काढलं. दुसऱ्या दिवशी त्याने नवी नोंद लिहिली, की माझ्या अर्धांगिनीला प्रसिद्धीचा हव्यास नाही, तिच्या विनंतीवरून मी तिचं नाव वगळत आहे. त्यावर आधीपेक्षा जास्त बदाम आले.

त्या दुपारी संजीवनीने आपली ‘आजचा दिवस’ पुसायला घेतली. साइटवर सगळी डायरी एकदम काढायची सोय नव्हती, एकेक नोंद उघडून काढावी लागायची आणि प्रत्येक वेळी विचारलं जायचं, नक्की काढायची? ती हो म्हणत गेली. मधूनमधून एखादी वाचली जायची. खाली लोकांनी लिहिलेलं कौतुक असायचं, आणि ते वाचून तिला पूर्वी दिवस दिवस बरं वाटलेलं आठवायचं. आता त्या नावांकडे बघताना ती एवढंच बघत होती, यातल्या कुणी शेखरला बदाम दिलाय. बरीच नावं निघाली. गोजरबाई शेजारी बसून विचारत होती, काय करून राह्यली, आणि संजीवनी म्हणाली, साफसफाई. म्हातारीने आणखी काही विचारलं नाही. पण संध्याकाळी शेखर घरी आल्यावर पहिल्यांदाच असं झालं की गोजरबाईने त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला नाही. माठाकडे बोट दाखवून ती आत गेली.

नंतर एका रविवारी अनुपमाचा फोन आला. संजीवनीने नंबर बघितला आणि उचलायला तिला धीर होईना. शेवटी उचलला.

“ताई, ते परतीची वाट वाचलं मी.”

“हं.”

“तुमी वाचलं?”

“थोडंसं.”

अनुपमा म्हणाली, “मले ओकारी आली. खरंच आली, ताई. मोरीत जाऊन आली मी.”

“मलेबी,” संजीवनी म्हणाली.

एवढं बोलून दोघींना कुठून कोण जाणे हसू आलं. फार नाही, थोडंसंच, आणि लगेच ओसरलं. अनुपमा म्हणाली, राग गेलेला नाही माझा, तुमच्यावरचाबी नाही. संजीवनी म्हणाली, राहू दे. मग अनुपमाने सांगितलं, की ती मोताळ्याची खोली सोडून बुलडाण्याला आली आहे, नव्या लॅबमध्ये. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, मालकीण एकटी म्हातारी आहे आणि तिला फार कमी ऐकू येतं. सकाळी उठून आपण मोठमोठ्याने गाणी म्हणतो, असंही तिने सांगितलं. संजीवनीने विचारलं, पाणी येतं का वेळेवर? येतं, एक दिवसाआड. बाजार जवळ आहे का? आहे.

बराच वेळ त्या अशा बोलत राहिल्या. शेखर दोनदा दारापर्यंत येऊन गेला. तो दुसऱ्यांदा आला तशी संजीवनीने उठून दार लावून घेतलं आणि परत येऊन फोन कानाला लावला.